ओल्या कादंबऱ्यांची गच्ची

गेल्या महिन्यात डोळे तपासायला सांगलीला गेलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि थोडा वेळ उन्हाकडे बघू नका म्हणाले. बाहेर आलो तर सगळं शहर पांढरं झालेलं, दुकानांच्या पाट्यांच्या कडा विरघळलेल्या. कोरेगावच्या गाडीला अवकाश होता. मी भिंतीच्या सावलीसावलीनं चालत राहिलो आणि पेठेमागच्या त्या बोळात येऊन उभा राहिलो.

पुराच्या वर्षी ज्यांच्या गच्चीवर मी काम केलं त्या अक्कांचं घर तिथंच आहे. खाली कापडाचं दुकान होतं, तिथं आता मोबाईल दुरुस्त करून मिळतात. वर मान करून बघितलं. गच्चीवर निळ्या पत्र्याची शेड, काळ्या टाक्या आणि दोरीवर कुणाचे तरी कपडे. डोळे मिचमिचे करून बघत राहिलो. आणि मला ओल्या कागदाचा वास आला. बोळ कोरडा ठणठणीत होता, पौषातलं ऊन होतं, तरी आला.

त्या वासाचं वर्णन करणं अवघड आहे. भिजलेलं गोणपाट, शिळी खळ आणि नदीचा गाळ एकत्र केला तर जवळपास पोचता येईल. पण त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर असतं, जुन्या डिंकासारखं. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधला होता. नंतर नंतर सकाळी जिना चढताना तो वास आला की बरं वाटायचं.

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा चाळिशी अजून गाठायची होती. आमचं गाव पलूसजवळ. ऊस थोरल्या भावाकडे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, मुलीच्या शाळेसाठी कोरेगावला राहायची, तिच्या माहेराजवळ. तिथं आम्ही दोन खोल्या बांधल्या होत्या. आम्ही म्हणजे तिनं. मी पगार पाठवत होतो आणि सुट्टीवर आलो की भिंती किती वर आल्यात ते बघत होतो.

सुट्टीच्या दिवसांत घर माझ्याभोवती फिरायचं. परत जाताना पिशवीत लाडू, चटणी, धुतलेले कपडे. निवृत्त होऊन आलो तेव्हाही सुरुवातीला तसंच झालं. मग हळूहळू घराच्या लक्षात आलं की हा आता जायचा नाही. आणि त्याला माझं काय करावं ते समजेना. कुठल्या बटणानं बाहेरचा दिवा लागतो ते मला माहीत नव्हतं. दूधवाला मला बघून 'वहिनी न्हाईत का' विचारायचा. एकदा मी स्वयंपाकघरातले डबे उंचीनं लावून ठेवले, बराकीत लावतात तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा जिथल्या तिथं होते.

मुलगी, ऋतुजा, शाळेचा कागद घेऊन माझ्यासमोरून आत जायची.

"आई, सही."

"पप्पा बसल्यात की तितं."

"तुला म्हाईत असतंय सगळं," ऋतुजा म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

कुणी वाकडं बोललं नाही. भांडण झालं असतं तर धरायला काहीतरी मिळालं असतं. आमच्या पलटणीतल्या एकानं सांगलीच्या एका हळदीच्या गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. सुनंदानं पिशवी भरून दिली. तिच्या हाताला त्या कामाची सवय होती.

हळदीच्या गोदामात माणूस पिवळा होतो. नखं पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा, चहालासुद्धा हळदीचा वास. गोदामामागच्या खोलीत मी एकटा राहायचो. संध्याकाळी स्टोव्हवर भात टाकायचा आणि फोनवर लोकांनी पाठवलेले सुप्रभात बघत बसायचं. रविवारी गावाकडे जायचो, तर भाऊ तोडणीच्या गडबडीत. बांधावर बसून परत यायचो. घरी फोन केला की सुनंदा विचारायची, "जेवला का?" मी म्हणायचो, "जेवलो. तुमी?" एवढ्यावर फोन ठेवला जायचा.

त्या वर्षी श्रावणात कृष्णा पात्र सोडून पेठेत आली. पुराचं मी सांगत बसत नाही, ज्यांनी बघितला त्यांना तो सांगावा लागत नाही. गोदामातली पोती फुगून फाटली आणि कितीतरी दिवस त्या भागातलं पाणी पिवळं वाहत होतं. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्यांचे ढीग, फ्रिज, देवघरं, फोटोंच्या चौकटी. सगळ्या शहराला गाळाचा आणि ब्लीचिंग पावडरीचा वास. गोदाम पुन्हा भरेपर्यंत मला काम उरलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, वाचनालयात उचलायला माणसं पाहिजेत. उचलायचं काम मला जमत होतं, म्हणून गेलो. पुस्तकांसाठी गेलो असं म्हणवत नाही.

भिजलेलं पुस्तक किती जड असतं ते उचलल्याशिवाय समजत नाही. तळमजल्यावरच्या कपाटांत ती फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात. शेवटी आम्ही फळ्या पहारीनं उचकटल्या. मग सगळा खण एकदम खाली आला, चिखलाच्या विटांसारखा. त्यातली बरीचशी पुस्तकं तिथंच टाकून द्यावी लागली. ज्यांच्यात थोडा जीव वाटला ती टोपल्यांत भरून मागच्या बोळात न्यायची होती, एका घराच्या गच्चीवर. त्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला होता. वर घरमालकीण एकट्याच राहत होत्या. त्यांनी स्वतः निरोप पाठवला होता की माझी गच्ची मोकळी आहे.

त्या अक्का. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, फिकट सुती पातळ, चष्म्याला दोरी. जैनांचं घर. यजमान बरीच वर्षं झाली गेले होते, मुलगा बंगळूरला. मी पहिली टोपली वर नेली तेव्हा त्या ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात स्वेटरची सुई. मला वाटलं लोकर विणताहेत. त्या पुस्तकाची पानं सोडवत होत्या.

"उन्हात ठेवू नका," त्या म्हणाल्या. "कागद वाकडा होतोय. सावलीत, वाऱ्याला. फौजेत होता काय तुम्ही?"

"व्हय. हवालदार."

"चालण्यावरनं वाटलं. बसा सुभेदार, सुई घ्या."

शेवटपर्यंत त्या मला सुभेदारच म्हणाल्या. मी एकदोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

काम असं होतं. चिकटलेल्या पानांच्या मधे सुई अलगद सारायची, पान फाटू न देता सोडवायचं, मधे कोरा कागद ठेवायचा, पुढचं पान. दुसऱ्या दिवशी ते कागद बदलायचे. दोरीवर दोन-दोन, चार-चार पानांचे जुडगे लटकत असायचे. पावसाची सर आली की सगळं जिन्यात ओढायचं, सर गेली की परत मांडायचं. पहिले दिवस कॉलेजची मुलंमुली पुष्कळ आली. फोटो काढले, मन लावून कामही केलं. मग त्यांचे वर्ग सुरू झाले. भाद्रपद लागेपर्यंत गच्चीवर मी आणि अक्का एवढेच उरलो.

"एक नियम आहे," अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "वाचायचं नाही. नुसतं पान सोडवायचं. वाचत बसलं की बुरशी पुढं जातेय."

मला तो नियम पाळायला काहीच जड नव्हतं. शाळेत मराठीच्या पुस्तकात एखाद्या कादंबरीतला उतारा असायचा आणि त्याच्याखाली प्रश्न. कोण कोणास म्हणाले. नायकाचा स्वभाव लिहा. आमच्या मास्तरांनी उत्तरं फळ्यावर लिहून दिली होती, ती पाठ केली आणि पास झालो. त्यानंतर वाचायचं ते हुकूम आणि वर्तमानपत्र. माणूस आपल्या खुशीनं, कुणी विचारणार नसताना, एवढं जाड पुस्तक का वाचत असेल हा विचारसुद्धा कधी मनात आला नव्हता.

माझ्याकडे एक जुनी कादंबरी आली होती. पुठ्ठा नव्हता, नावाचं पान नव्हतं, सुरुवातीची काही पानं गेलेली. टाइप जुना, टपोरा. मी सुई सारत होतो, पान सोडवत होतो. एका पानावर थांबलो. कुठल्याशा घाटाखालच्या गावातली एक बाई होती, मथुरा नावाची. नवरा दूर देशी कामाला गेलेला. संध्याकाळी ती पानं घेते, जेवायची पानं, आणि सवयीनं एक जास्त घेते. मग ते जास्तीचं पान उचलून ठेवताना सासूला दिसू नये म्हणून पदराआड धरते. एवढंच होतं. पान संपलं. पुढचं पान चिकटलेलं होतं. मी सुई घातली, आणि माझ्या लक्षात आलं की मला घाई झाली आहे.

पुढच्या पानावर सासू आंधळी आहे असं समजलं. दिसलं नसतंच. तरी ती पदराआड धरते.

"सुभेदार," अक्का म्हणाल्या. "तुमचं पान हलेना झालंय की."

"चिकटलंय लय."

"दाखवा."

त्यांनी ते पुस्तक घेतलं, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ धरलं. पुठ्ठा नसताना, नाव नसताना त्यांना ते ओळखू आलं. मग म्हणाल्या, "मथुरा काय? मी लग्न होऊन आले त्या वर्षी वाचली होती. खाली दुकानात, तागे लावायच्या खोलीत बसून. कोणी आलं की ताग्याच्या मागं ठेवायची." पुस्तक माझ्या हातात परत देऊन त्या म्हणाल्या, "वाचा. हिला नियम लागू नाही."

मला ते दिवस आता ऋतूसारखे आठवतात. भाद्रपदातलं ढगाळ ऊन, ताडपत्रीवर साचलेल्या पाण्याची सावली खाली हलायची. दूरवर कुणाच्या तरी घरातून गाळ खरवडल्याचा आवाज. अक्कांची पर्युषणं आली, त्या दिवसांत त्या एकवेळ जेवायच्या आणि तरी सकाळी सुई घेऊन हजर असायच्या. एरवी त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायचं. मलाही जबरदस्तीनं बसवायच्या. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक. कांदा नाही, बटाटा नाही. मी आयुष्यात इतक्या लवकर कधी जेवलो नव्हतो. आणि त्यामुळं संध्याकाळ केवढी लांब व्हायची. जेवण झालेलं, दिवस अजून उजेडात, कोणी कुणाची वाट बघत नाही.

मी त्या पुस्तकात वेगानं पुढं जाऊ शकत नव्हतो. आज सोडवलेली पानं उद्या कोरडी व्हायची, तेव्हा पुढची सुटायची. सात-आठ पानांवर थांबावं लागायचं. खोलीवर गेलो की मथुरेचं काय झालं असेल याचा विचार करत भांडी घासायचो. तिची विहीर आटली होती. तिच्या दिरानं वाटणीचा विषय काढला होता. तिचं लहान पोर तापानं फणफणलं होतं आणि घाट उतरून वैद्याकडे जायला बैलगाडी मिळत नव्हती. मी गोदामाच्या ओट्यावर बसून तिला गाडी कुठून मिळेल ते शोधत होतो. माझं मलाच हसू यायचं. पण ती खोली आता तेवढी रिकामी वाटत नव्हती.

मधल्या वेळात दुसरीही पुस्तकं हाताखालून जायची. एक रशियाकडची होती, मराठीत आणलेली, चांगली उशीएवढी. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं. मी अक्कांना म्हणालो, ह्याच्यात माणसं किती आहेत तेच समजेना. त्या म्हणाल्या, "आपल्यात काय कमी आहे? घरात बाळू, शाळेत बाळासाहेब, देवळात बाळगोंडा. लागतंय ध्यानात." मग लागलं ध्यानात. त्या पुस्तकात एक माणूस बर्फातून चालत जातो. नव्या बर्फावर पाऊल पडताना जो आवाज होतो, कोरड्या पापडावर कुणी हळूच हात दाबल्यासारखा, तो त्या लेखकानं बरोबर टिपला होता. मी पान हातात धरून बसून राहिलो. हा आवाज मी सीमेवरच्या चौकीत कितीतरी हिवाळे ऐकला होता. कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखी गोष्ट आहे असंच वाटलं नव्हतं. आणि मी जन्मायच्या किती आधी, कुठल्या कुठं बसलेल्या एका माणसानं तो लिहून ठेवला होता.

"तुम्ही बर्फ बघितलाय," अक्का म्हणाल्या. "मी नुसताच वाचलाय. वास असतो काय त्याला?"

मी विचार केला. "वास तसा न्हाई, म्हणजे लोखंडासारखा असतो जरा. आणि सगळ्या दुसऱ्या वस्तूंचा वास जातो. मातीचा, माणसाचा. पहिल्यांदा गेलो तवा मला वाटलं नाक बंद झालंय."

"असं कुठं लिहिलेलं नाही बघा," त्या म्हणाल्या. नंतर सुई चालवता चालवता त्यांनी दोन-तीनदा मला बर्फाचं विचारलं. रात्री उजेड असतो काय. झोप कशी लागते. मी सांगायचो. फौजेतलं इतकं मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. घरी कुणी असं विचारलं नव्हतं, आणि कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नव्हतं.

एकदा संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या यजमानांना वाचनाचं नव्हतं. चांगले होते, पण नव्हतं. पुस्तक संपलं की कुणालातरी सांगावंसं वाटतंय की हो. मी खिडकीत येऊन उभी राहायची. खाली बोळ. कुणाला सांगणार, मथुरेचं असं असं झालं म्हणून? माणसं म्हणतील, ही कोण मथुरा, कुणाची?" त्या हसल्या. "वाचायच्या आधी एकटं असतं माणूस, त्याचं काही वाटत नाही. वाचून झाल्यावर जे एकटं वाटतंय ते निराळं."

खाली बोळातून एक सायकल गेली.

पुस्तकाच्या शेवटच्या भागापर्यंत मी पोचलो तेव्हा आश्विन लागला होता. तिथं पानं उरली नव्हती. कागदाचा लगदा झाला होता, सुई कुठूनही घाला, चिंध्याच निघत होत्या. नरहरी, मथुरेचा नवरा, घाट उतरून गावाच्या शिवेवर आला होता, एवढं वाचता आलं. पुढं करडा गोळा.

"म्होरं काय होतं?" मी विचारलं.

"ते मी नाही सांगणार."

"आवं अक्का, पानंच न्हाईत."

"दुसरी प्रत असंल कुठंतरी. नाव देते लिहून, शोधा की," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी सांगितलं तर तुम्ही माझं ऐकल्यासारखं होईल. तुमचं वाचायचं राहील."

मला राग आला होता. खरंच आला होता. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो नाही. खोलीत बसून राहिलो आणि दुपारपर्यंत मला कळून चुकलं की जायला दुसरी जागाच नाही. गेलो. माझी सुई खुर्चीवर ठेवलेली होती.

दिवाळीच्या आधी वाचनालयाच्या लोकांनी येऊन गच्चीवरच्या पुस्तकांची पाहणी केली. ठेवण्यासारखी थोडी निघाली, ती नेली. बाकीच्यांना काळी बुरशी लागली होती, ती टेम्पोत भरली. मथुरा त्या टेम्पोत गेली. मी स्वतः टोपली उचलून दिली. अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. टेम्पो बोळातून वळेना, मागंपुढं करत होता, आणि त्या तो वळेपर्यंत बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा आला. घराला ओल आली होती, भिंतींचे पोपडे पडत होते, आईला इथं एकटं ठेवणं त्याला पटत नव्हतं. त्याचं काही चुकलं नाही. त्या गाडीत बसल्या तेव्हा मी दारात होतो. मला म्हणाल्या, "वाचत राहा मात्र. आणि फोन करा."

मी फोन करायचो. त्या उंच इमारतीत होत्या. खाली माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणाल्या, आणि आवाज काहीच येत नाही. सुरुवातीला आम्ही पुस्तकांवर बोलायचो. मी आता खरोखर वाचत होतो. नव्यानं उघडलेल्या वाचनालयातून बंगालकडच्या, रशियाकडच्या, आपल्याकडच्या जुन्या जुन्या कादंबऱ्या नेत होतो. गोदामाच्या दिव्याखाली बसून वाचताना हळदीची बोटं पानांना लागायची. मथुरेची कादंबरी तिथं नव्हती. आष्ट्याला विचारलं, पलूसला विचारलं. अक्कांच्या डोळ्यांवर नंतर पडदा आला, वाचणं सुटलं. मग त्या मला विचारायच्या, काय वाचताय, आणि मी सांगायचो. मग त्या तेच परत विचारायला लागल्या. मग फोन कमी झाले. कमी होताना समजत नाही.

गोदामाचे मालक बदलले आणि मी कोरेगावला परतलो. ऋतुजा तोवर पुण्याला शिकायला गेली होती. घरात सुनंदा आणि मी. ती तिच्या कामात, मी माझ्या पुस्तकात. आता कुठल्या बटणानं दिवा लागतो ते मला माहीत होतं. ती कधी म्हणायची, "डोळं बिघडतील," एवढंच. सांगलीत पुराच्या वेळी मी काही काम केलं होतं हे तिला माहीत होतं. काय काम ते तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या एका वाचनालयात मला ती प्रत मिळाली. पुठ्ठ्यासकट, नावासकट, सगळी पानं. मी ती घरी न्यायलाही थांबलो नाही. तिथंच लांब बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचली, दोन दिवस जाऊन येऊन. शेजारी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं होती. कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. शेवटचं पान संपलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि पंख्याखाली कुणाचीतरी छत्री वाळत होती.

व्हरांड्यात येऊन अक्कांना फोन लावला. त्यांच्या मुलानं उचलला. आई थंडीतच गेली, म्हणाला. तुमचा नंबर मला माहीत नव्हता, तिच्या फोनमध्ये 'सुभेदार' असं होतं, कोण ते समजलं नाही.

मी म्हणालो, बरं. फोन खिशात ठेवला आणि पाऊस कमी व्हायची वाट बघत उभा राहिलो. समोर बसस्टँडकडे जाणारी माणसं पळत होती. नरहरी घरी आल्यावर काय झालं ते मला आता माहीत होतं, आणि ह्या सगळ्या पळणाऱ्या माणसांत सांगण्यासारखं एकही माणूस नव्हतं. अक्का कुठल्या खिडकीत उभ्या राहायच्या ते मला त्या व्हरांड्यात कळलं.

तेव्हापासून तो शेवट मी तसाच घेऊन फिरत होतो. गेल्या महिन्यात त्या बोळात उभा होतो तेव्हाही. मोबाईलच्या दुकानातला पोऱ्या बाहेर येऊन म्हणाला, "काका, काय पायजे?" काही नको म्हणालो आणि स्टेशनकडे निघालो.

कोरेगावला उतरून घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. सुनंदा अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"उशीर केला. डागदरानं काय सांगितलं?"

"नंबर वाढलाय थोडा."

"मग एवढा येळ कुठं हुता?"

डोळ्यांतले थेंब अजून पुरते उतरले नव्हते. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता. कदाचित त्यामुळंच बोलता आलं. मी तिला गच्चीचं सांगितलं. अक्कांचं सांगितलं, सुईचं, दोरीवरच्या पानांचं. आणि मग मथुरेचं. पदराआडच्या जेवणाच्या पानापासून सगळं. सुनंदा शेंगा सोलत होती. तिच्या बोटांचा वेग कमी झाला नाही, पण ती मधे उठलीही नाही.

"मग आला का न्हाई त्यो?" तिनं विचारलं.

"आला. अंगणात बसला. तिनं पाणी दिलं. त्यानं विचारलं, पाऊस कसा झाला, विहिरीला पाणी किती हाय. तिनं सांगितलं. तितंच संपतं."

"एवढंच? ती एकटी हुती, पोरगं आजारी हुतं, त्ये तिनं त्याला सांगितलंच न्हाई?"

"न्हाई."

शेंगेतले दाणे तिनं ताटलीत टाकले.

"मग बरोबर लिवलंय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "बाईनं लिवलंय?"

"न्हाई. पुरुषानं."

"कुना बाईनं सांगितलं आसंल त्याला."

पलीकडच्या घरात कुणीतरी दिवा लावला. आमचा लावायचा राहिला होता. मी उठणार होतो, तेवढ्यात ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"तुमी बर्फात हुता त्या साली ऋतुजाला कावीळ झालती. तुमास्नी कळवलं न्हवतं."

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"कळवून काय करनार हुता तुमी, तितनं. डोळं हळदीवानी पिवळं झालतं पोरीचं. सकाळी दुधाच्या गाडीत बसवून साताऱ्याला न्हेली. डिरायवर म्हनला, वहिनी, म्होरं बसा. मी म्हनलं, नगो, मागंच बरं हाय. मागं कॅनांच्या मदी कुनाला दिसत न्हवतं..."

ती थांबली. मी तिच्या पुढ्यातल्या शेंगांतल्या मूठभर माझ्याकडे ओढल्या आणि सोलायला लागलो. मला नीट दिसत नव्हतं, दाणे कुठं पडत होते कुणास ठाऊक. ती सांगत होती. दवाखान्यातल्या खाटेचं, पथ्याच्या उकडलेल्या भाजीचं, घरी आल्यावर पोरीनं मागितलेल्या पहिल्या भाकरीचं. मग त्याच्या आधीच्या सालाचं. विहिरीचं. भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाच्या गवंड्याचं. अंधार पडला, शेंगा संपल्या, तरी तिचं सांगणं चाललंच होतं.